८ फूट २ इंचाच्या खोलीत सा घुमतो आणि पंचम गायब. फोम लावून झालाय, आता काय करू?

खर्ज_सकाळी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

पुण्यात भाड्याच्या टू बीएचकेमध्ये राहतो. त्यातली छोटी खोली, म्हणजे बिल्डरच्या नकाशात जिला चिल्ड्रन्स बेडरूम म्हणतात आणि जिच्यात खरं तर इस्त्रीचे कपडे राहतात ती, मी गाणं रेकॉर्ड करायला घेतली आहे. टेपने मोजलं, लांबी १० फूट, रुंदी ८ फूट २ इंच, उंची साडेनऊ फूट. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंतींना गुळगुळीत जिप्सम, एक सरकती अॅल्युमिनियमची खिडकी, एक लोखंडी कपाट. अभंग आणि भावगीतं गातो, हार्मोनियम स्वतःच वाजवतो, माझा सूर काळी एक (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी माझा सा).

सुरुवातीला टाळी वाजवली की टर्रर्र असा आवाज यायचा म्हणून ऑनलाइन २४ पिरॅमिड फोम मागवले आणि डबल टेपने चिकटवले (मालक खिळा ठोकू देत नाहीत). टर्रर्र गेलं. पण आता रेकॉर्डिंग ऐकलं की मडक्यात तोंड घालून गातोय असं वाटतं. आणि खरी गंमत पुढेच आहे, सा लागला की अख्खी खोली हुंकार भरते, कपाटाचं दार थरथरतं, हात लावला तर कळतं इतकं, आणि पंचमावर गेलो की आवाज एकदम पातळ, कुणीतरी बटण फिरवून कमी केल्यासारखा. मला वाटलं माझाच पंचम कच्चा आहे, क्लासात बाईंना विचारलं तर म्हणाल्या पंचम उत्तम आहे, घरी काय करतोस. मित्राचा माइक आणून बघितला, तेच. बहिणीच्या घरी हॉलमध्ये तोच माइक, तोच मी, काही प्रॉब्लेम नाही.

अजून एक, मागच्या मैदानात ढोलपथकाचा सराव सुरू होईल आता. एक जण म्हणाला अख्खी खोली साउंडप्रूफ करून देतो, आणि जो आकडा सांगितला त्यात सेकंडहँड अॅक्टिव्हा येईल. माझं बजेट १५ हजारांच्या आत आहे. काय करू?

---

फोमने_पस्तावलेला

क्लबमध्ये स्वागत आहे. मी तुमच्या एक पाऊल पुढे होतो, आधी अंड्याचे ट्रे लावले होते. कोपऱ्यावरच्या अंडेवाल्याने तीन महिने साठवून दिले, बायकोने आठ दिवस बोलणं टाकलं आणि आवाजात फरक किती तर शून्य. पातळ पुठ्ठाच आहे तो, पिणार काय आवाज. वर झुरळं.

मग फोम घेतला. इंचभर जाडीचा फोम फक्त वरचा वरचा आवाज खातो, स, श, च, टाळ, झांज वगैरे. खालचा आवाज जसाच्या तसा खोलीत. म्हणजे चमक गेली आणि घुमणं उरलं, म्हणूनच मडकं. आधी दोन्ही होतं तेव्हा निदान बरं तरी वाटायचं.

आणि प्लीज, स्विचबोर्ड आणि दिव्याजवळचा फोम आजच काढा. हा साधा पीयू फोम धडाधडा पेटतो आणि त्याचा धूर फार वाईट असतो. माझा सगळा फोम आता कुत्र्याच्या अंथरुणात आहे. तो खूश आहे.

---

अर्धा_इंजिनियर

खर्ज, तुमचं माप वाचलं, कॅल्क्युलेटर काढला आणि हसूच आलं. तुमची खोली काळी एकमध्ये मिळवलेली आहे.

मस्करी करत नाहीये. समोरासमोरच्या दोन सपाट भिंतींमध्ये आवाज येरझाऱ्या घालतो आणि ज्या सुराची लांबी त्या अंतरात बरोब्बर बसते तो सूर तिथे साचत जातो. हिशेब शाळेतलाच आहे, आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, त्याला खोलीच्या रुंदीच्या दुपटीने भागायचं. तुमची रुंदी ८.१७ फूट, दुप्पट १६.३४, भागाकार आला ६९ हर्ट्झ. आता याच्या पटी घ्या, १३८, २०७, २७७. आणि काळी एकचा तुमचा मधला सा आहे १३८.६, पंचम २०८च्या आसपास, तार सा २७७. म्हणजे खर्जातला सा, मधला सा, पंचम, तार सा, सगळे तुमच्या डावीउजवीकडच्या भिंतींनी लावून ठेवलेत. दुसरा कुणी पांढरी चारमध्ये गाणारा त्या खोलीत आला असता तर त्याला एवढा त्रास झालाच नसता!

लांबीचे आकडे ५६, ११३, १६९ आणि उंचीचे ५९, ११९, १७८ असे येतात. यातले ११३ आणि ११९ मंद्र धैवताच्या दोन्ही अंगाला आहेत, म्हणजे तिथेही थोडं फुगत असणार, बघा आणि सांगा.

मग पंचम पण साचायला हवा, तो गायब का? कारण साचणं खोलीभर सारखं नसतं. भिंतीलगत सगळ्याच सुरांचा दाब जास्त, पण खोलीच्या मधोमध सम पटीवाले सूर (१३८, २७७) जोरात आणि विषम पटीवाले (६९, २०७) जवळजवळ शून्य. तुम्ही आणि माइक रुंदीच्या बरोब्बर मध्यावर आहात का? पंख्याखाली?

---

खर्ज_सकाळी

अहो हो! पंख्याखालीच. बैठक मधोमध दिसायला छान म्हणून तशी मांडली आहे. आणि मंद्र धैवताचं खरं आहे, आत्ता गाऊन बघितलं, फुगतो. मी थक्क झालोय. पण मग बसू कुठे, खोली तर केवढीशी.

---

अर्धा_इंजिनियर

फक्त १० इंच सरका.

रुंदीच्या ४० टक्क्यांवर, म्हणजे कुठल्याही एका बाजूच्या भिंतीपासून ३९ इंचांवर, सा आणि पंचम दोघांचा जोर कागदावर तरी सारखा पडतो, पूर्ण जोराच्या साधारण ८० टक्के. आत्ता तुम्ही ४९ इंचांवर आहात जिथे सा शंभर टक्के आणि प शून्य. माइक आणि तुम्ही दोघंही सरका, कारण घुमणं दोन्हीकडून चालतं, तुम्ही जिथून ढकलता तिथून आणि माइक जिथे ऐकतो तिथे. आणखी पुढे सरकत २० इंचांवर गेलात तर दोघंही अजून कमी होतात, पण तिथे भिंत इतकी जवळ येते की तिच्यावर जाड काही लावल्याशिवाय आवाज डब्यासारखा येईल.

कागदावरचं म्हणतोय कारण कपाट, खिडकी, दाराचा कोनाडा यामुळे आकडे थोडे हलतात. म्हणून मोजायचं यंत्र नसलं तरी चालेल, गळा आहे ना. खर्जापासून हळूहळू मींडेने वर जा, एका दमात, एकाच जोराने, आणि हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐका. कुठल्या सुरावर खोली मध्ये बोलते ते लगेच कळतं. मग ३ इंच सरका, परत तेच करा. फारच हौस असेल तर रूम ईक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याला साधा मेजरमेंट माइक लागतो, पण गाणाऱ्याला त्याची गरज नाही असं माझं मत.

आता उपचार. आवाज पिणारा माल, मग तो रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) असो, कापूस असो की कपडे, तो हवा जिथे हलते तिथे काम करतो आणि भिंतीला चिकटून हवा हलतच नाही. १३८ हर्ट्झची लाट ८ फुटांची, तिचा पाव भाग २ फूट. म्हणजे इंचभर फोम भिंतीला चिकटवून सा आवरायची अपेक्षा म्हणजे चाळणीने पाणी भरणं. ४ इंच जाडीचे पॅनेल भिंतीपासून ४ इंच सोडून दोन्ही बाजूच्या भिंतींसमोर उभे केले तर बराच फरक पडतो. आणि २ फुटांवरून आठवलं, कपडे ठेवायचं कपाट किती खोल असतं बघा, दीड ते दोन फूट! कपड्यांनी भरलेलं कपाट दार सताड उघडं ठेवून बाजूच्या भिंतीला लावलं तर तो तुमच्याकडे आधीच असलेला सगळ्यात चांगला ट्रॅप, म्हणजे खालचा आवाज पकडणारा सापळा आहे. दाराला थरथर होते तिथे कागदाची घडी घाला.

साउंडप्रूफवाल्याला नमस्कार करा. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात, आतला आवाज प्यायला सच्छिद्र माल लागतो, या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी फार फार तर ६ डेसिबल कमी होतात, आणि ढोल खालच्या सुरात वाजतो जो अडवणं सगळ्यात कठीण. सरकत्या खिडकीच्या फटीला ब्रशपट्टी, दाराखाली रबराची पट्टी, एवढं करा, रिक्षा आणि भाजीवाला कमी होईल. ढोल नाही होणार. ढोल सुरू असेल तेव्हा चहा प्या.

---

तर्कट

एवढा उपद्व्याप कशाला? ईक्यूमध्ये (प्रत्येक सुराचा आवाज कमीजास्त करायची सॉफ्टवेअरमधली सोय) १३८ खाली करा, २०७ वर करा, झालं. २०२५ मध्ये सॉफ्टवेअर सगळं करतं, लोक अजून गाद्या लावतायत.

---

अर्धा_इंजिनियर

सा खाली करता येईल, मान्य. पण त्याचा मागे रेंगाळणारा हुंकार ईक्यूने जात नाही, फक्त बारीक होतो, तुम्ही सा सोडून रे वर गेलात तरी खोली अजून सा म्हणत असते. आणि पंचम तर माइकपर्यंत पोचलेलाच नाहीये, जे नाहीच ते वाढवून काय मिळणार, खरखर आणि पंख्याचा आवाज वाढेल. शिवाय हार्मोनियम त्याच माइकमध्ये येतेय, तिचाही सूर बदलेल. शेवटी चिमूटभर ईक्यू सगळेच लावतात, मीही लावतो, पण मीठ शेवटी चाखून घालतात, भाजी करपल्यावर नाही.

---

दमट_हवा

रत्नागिरीहून लिहितोय. पॅनेल करायचे असतील तर माझ्या चुका वाचून करा, स्वस्तात पडेल.

पहिली चूक, मी आधी सुताराकडून ४ बाय २ च्या चौकटी करून घेतल्या आणि मग रॉकवूल आणायला गेलो. दुकानात स्लॅब निघाले वेगळ्याच मापाचे. मग घरी बसून ब्रेडकटरने कापत बसलो, हात आठवडाभर चावत होते. तेव्हा आधी माल आणा, मोजा, मग चौकट. दुकानात "४८ डेन्सिटी, ५० एमएम" एवढंच म्हणायचं, त्यांना कळतं. दोन थर एकावर एक ठेवले की १०० एमएम म्हणजे ४ इंच झाले. पुण्यात टिंबर मार्केटच्या बाजूला विचारा, चौकटीच्या पट्ट्याही तिथेच मिळतील.

दुसरी चूक सुताराची, पण खरं तर माझीच कारण मी समोर थांबलो नाही. मला मागून उघडी चौकट हवी होती. तो चांगला कारागीर आहे, त्याला मागून उघडं ठेवणं म्हणजे अर्धवट काम वाटलं, त्याने प्रेमाने मागे प्लाय ठोकला आणि वर म्हणाला, बघा साहेब फिनिशिंग. झालं, मागची ४ इंच हवा सोडायचा उपयोगच संपला. सगळा प्लाय उपसून काढला, तो बघत होता, त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

तिसरी चूक कापडाची. मी हौसेने रेक्झिन लावलं, पुसता येतं म्हणून. रेक्झिनमधून हवा जात नाही, आवाज आदळून परत. कापड घेताना दुकानातच तोंडाला लावून फुंकर मारायची, पलीकडे हाताला हवा लागली तर घ्यायचं. साधा मांजरपाट सगळ्यात बेस्ट, हवा तो रंग देऊन घ्या. गोणपाटही चालतो पण त्याचा वास येतो आणि कुसं गळतात. आतून सोफ्याच्या खाली लावतात ते काळं नॉनव्होवन एक थर लावा म्हणजे तंतू बाहेर येत नाहीत. काम करताना पूर्ण बाह्या, मास्क, चष्मा, आणि नंतर थंड पाण्याने अंघोळ.

चौथी चूक कोकणातल्यांसाठी, पुण्याला कमी लागू. पहिल्या वर्षी पॅनेल बाहेरच्या भिंतीला घट्ट टेकवून ठेवले. श्रावणात काढले तर मागे काळी बुरशी, नकाशा काढल्यासारखी. तेव्हापासून पायांवर उभे पॅनेल, मागे मोकळी हवा, आणि महिन्यातून एकदा सरकवून झाडू. मालक खिळा ठोकू देत नाही म्हणताय ना, मग तुम्हाला पायांवरचेच हवेत, घर सोडताना उचलून न्या.

---

डॅलसची_मावशी

मी मराठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करते, ऑडिओबुकचं काम, गेली सहा वर्षं, आणि माझा स्टुडिओ म्हणजे आमच्या बेडरूमचं वॉक-इन क्लोझेट. तीन बाजूंना कपडे, पायाखाली कार्पेट, नवऱ्याचे हिवाळ्यातले कोट माझ्या पाठीमागे, आणि समोर आईच्या साड्या. एवढ्यावर चाललंय. बाहेरून कुणी दार उघडलं तर त्यांना मी कोटांशी बोलताना दिसते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. दोन वर्षांपूर्वी कोथरूडला आईकडे तीन महिने राहिले, हाच माइक, हेच पुस्तक, आणि इकडच्या व्हिडिओंमध्ये सांगतात तसे २ इंचांचे पॅनेल करून घेतले. आवाज विहिरीतून! डोकं फिरायची वेळ आली. मग लक्षात आलं की इकडची घरं लाकडी चौकटींवर अर्धा इंच जिप्समबोर्ड ठोकून केलेली असतात. खालचा आवाज त्या भिंतीला हलवतो, थोडा तिच्यात जिरतो, बाकीचा पार होऊन शेजारच्या खोलीत जातो, तिकडे मुलगा ओरडतो ती गोष्ट वेगळी. पुण्यात विटा, सिमेंट, वर स्लॅब, खाली टाइल. तिथे खालचा आवाज जाणार कुठे, तो परत तुमच्याच अंगावर. तेव्हा इकडचे व्हिडिओ बघून जाडी ठरवू नका, आपल्याकडे त्याच्या दुप्पट धरा. ते व्हिडिओवाले ज्याला सातशे तीन म्हणतात ना, ते दुसरं काही नाही, वर दादांनी सांगितली तीच ४८ किलो डेन्सिटी, फक्त काचलोकरीत. ते नाव घेऊन दुकानात शोधत फिरू नका, मी फिरले आहे.

आणि माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा, त्याहून लांब नको. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोली तेवढीच राहते. हार्मोनियमला जमत असेल तर वेगळा माइक. तुमचा माइक एका दिशेने ऐकणारा असेल तर त्याची पाठ खिडकीकडे करा, पाठीमागचं त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं.

---

सतरंजी_लोड

तुम्हा सगळ्यांचे आकडे वाचून छान वाटलं, पण एक विचारतो, गाण्याची बैठक कशी असायची आठवतंय का कुणाला? खाली जाजम, त्यावर गादी, पांढरी चादर, मागे लोड, बाजूला तक्के, भिंतीला पडदे, आणि समोर पन्नास माणसं दाटीवाटीने. माणसासारखा आवाज पिणारा दुसरा माल नाही. तेव्हा कुणी रॉकवूल म्हटलं नाही पण काम तेच होत होतं. आता आपण माणसं काढली, गाद्या काढल्या, खाली आरशासारखी टाइल घातली आणि म्हणतो घुमतं.

हार्मोनियम टाइलवर ठेवून वाजवत असशील तर आधी ती उचल. खाली जुनी कापसाची गादी घाल, तिच्यावर सतरंजी, तिच्यावर पेटी. पेटीचा आवाज खालून आपटून वर येतो तो निम्मा तिथेच थांबेल. आणि गादी वापरून दगड झालेली नको, पिंजाऱ्याकडून पिंजून घे, फुगलेली गादीच आवाज पिते, गठ्ठा झालेली नाही. आमच्या आळीत अजून एक जण येतो, त्याच्या धनुकलीचा टणत्कार ऐकू आला की बायका गॅलरीत येतात. अशा दोन गाद्या उभ्या करून बाजूच्या भिंतींपासून वीतभर सोडून टेकव, गाणं झालं की रात्री त्यावरच झोप.

गाद्यांना हसू नका. या शास्त्राची सुरुवातच गाद्यांनी झाली. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ च्या सुमारास एक नवीन व्याख्यानगृह बांधलं तर त्यात शब्दच कळेना, बोललेलं साडेपाच सेकंद घुमत राहायचं. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं बघ काय ते. तो रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनचा एक पाइप वाजवायचा, थांबवायचा, आणि घड्याळ लावून मोजायचा की आवाज विरायला किती वेळ लागला. अजून थोड्या गाद्या, परत मोजायचं. सकाळच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही वापरतात, आणि १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल त्याच हिशेबाने बांधला. तुला तर दोनच गाद्या लागतायत, त्याही घरच्या.

---

खर्ज_सकाळी

दीड महिन्याने परत आलोय, उशिराबद्दल सॉरी.

पहिल्या दिवशी फक्त सरकलो. जमिनीवर खडूने खूण केली, भिंतीपासून ३९ इंच. खरं सांगतो, माझा विश्वास नव्हता. मींड घेतली, ऐकली, आणि पंचम तिथे होता. मी तीनदा ऐकलं. बायकोला बोलावून ऐकवलं, ती म्हणाली यात काय नवीन, तू असाच गातोस. प्रत्यक्षात माझ्या खोलीत सगळ्यात चांगली जागा ३७ इंचांवर निघाली, खडूची खूण पुसून परत केली.

मग कपाट बाजूच्या भिंतीला लावलं, दार उघडं, आत गोधड्या आणि स्वेटर, दाराच्या बिजागरीत एका हॉटेलच्या बिलाची घडी. थरथर बंद. समोरच्या भिंतीला पिंजलेली गादी उभी, दुसरी पेटीखाली. पेटीचा फरक सगळ्यात जास्त जाणवला, आधी ती पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखी वाजायची.

चार पॅनेल केले. सुताराच्या समोर स्टूल टाकून बसलो, त्याने तरीही विचारलंच, मागून बंद करू का, बरं दिसेल. कापड मांजरपाट, रविवार पेठेत घेतलं, दुकानदारासमोर फुंकर मारून बघितली, तो म्हणाला साहेब खादीभांडारात पण असंच करता का. सगळं धरून साडेनऊ हजार गेले. साउंडप्रूफवाल्याचा फोन अजून येतो.

फोम सगळा काढला. टेपसकट रंगही आला. भिंतीवर २४ चौकोनी चट्टे आहेत, बरोब्बर ओळीत, मालक दिवाळीत येणार आहेत, त्याआधी रंगारी बघायचाय. कुणाला सेम शेडचा अनुभव असेल तर सांगा.

मंद्र धैवत अजून थोडा फुगतो. मला ते तेवढं लागत नाही, अभंगात मी तिथे फार थांबत नाही. पंखा बंद करून गावं लागतं, वीस मिनिटांत घामाच्या धारा, मग थांबायचं, पंखा, परत.

ढोल संध्याकाळी साडेसहा ते नऊ असतो, त्यावर खरंच काही उपाय नाही, खिडकीच्या पट्टीने रिक्षा कमी झाल्या एवढं आहे. म्हणून आता पहाटे पाचला रेकॉर्ड करतो. तर परवा खालच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये भेटले, म्हणाले, गाता छान हो, पण सकाळी तुमचा सा आमच्या बाथरूममध्ये येतो, नुसता सा, बाकी काही येत नाही, बादलीत पाणी थरथरतं. हे कसं काय?

---

अर्धा_इंजिनियर

काकांच्या बाथरूमचं माप मिळेल का? रुंदी पुरे.

---

खर्ज_सकाळी

विचारलं. ४ फूट १ इंच.

---

अर्धा_इंजिनियर

११३० भागिले ८.१७. तुम्हीच करा.